कंपनी कापते

गजेंद्रनं पाकीट टेबलावर ठेवलं आणि पोह्यांची बशी पुढे ओढली, तेव्हाच माणिकबाईच्या लक्षात आलं की पाकिटात काहीतरी कमी आहे. माणूस पैसे पुरे आणतो तेव्हा हातात देतो. कमी आणतो तेव्हा कुठंतरी ठेवतो आणि दुसऱ्याच गोष्टीत लक्ष घालतो. जावयासमोर नोटा मोजायच्या नसतात, म्हणून तिनं मोजल्या नाहीत. पण पाकीट उचलून कपाटात ठेवताना बोटांना जे कळायचं ते कळलं. उभं आयुष्य तिनं अमरावतीत पोरांची मेस चालवली होती.

“अर्धेच आले,” गजेंद्र घास चावत म्हणाला. “कंपनी कापते, आई. आपल्या हातात काई नसते.”

गोष्ट गाडीच्या विम्याची होती. माणिकबाईचे यजमान पंजाबराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एक लहानशी पांढरी गाडी घेतली होती, आणि घर माझ्या नावावर आहे तर गाडी तुझ्या नावावर राहू दे, असं म्हणून ती बायकोच्या नावावर केली होती. माणिकबाईला गाडी चालवता येत नव्हती, पण नंबर पाठ होता. गेल्या दसऱ्याला गाडीचा विमा वर्षभरासाठी नव्यानं उतरवला. दिवाळी झाली आणि पंजाबराव गेले. झोपेतच गेले. गाडी शेडमध्ये उभी राहिली, तिच्यावर धूळ बसली, मांजरं बसली. शेवटी थंडी सरता सरता साईनगरातल्या एका प्राध्यापकानं ती विकत घेतली आणि आपल्या नावानं वेगळा विमा काढला. मग जी गाडीच आपली राहिली नाही तिचा विमा आपण कशाला चालू ठेवायचा? तो रद्द करून उरलेल्या महिन्यांचे पैसे परत घ्यावेत, एवढंच माणिकबाईचं म्हणणं होतं. विमा उतरवला जावयानं आणि रद्दही केला जावयानं. गजेंद्र अकोल्याला विमा एजंट होता. घरचा माणूस असताना दुसऱ्याकडे कोण जातं?

तिनं जावयाला विचारलं, अगदी नरम आवाजात विचारलं, की गाडी चार दिवस चालली आणि उरलेलं वर्ष त्या प्राध्यापकाच्या दारात उभी राहणार, तर कंपनी अर्धे पैसे कशाचे ठेवून घेते? गजेंद्रनं हात पुसत पुसत तिला समजावलं. कंपनीचं एक टेबल असतं, किती महिन्यांना किती कापायचं त्याचा तक्ता. मधेच सोडलं की दिवसांच्या हिशेबानं पैसे मिळत नाहीत, टेबलाच्या हिशेबानं मिळतात. फॉर्म असतात, ऑफिसचा खर्च असतो, माणसांचे पगार असतात, एसी असतो. हे सगळं कोण भरणार? जो मधेच सोडून जातो तोच भरणार. तो हे असं सांगत होता की जणू पाऊस कसा पडतो ते सांगतोय.

माणिकबाईनं त्याला आणखी चहा दिला आणि फाटकापर्यंत पोचवायला गेली. परत आली ती मात्र तणतणत.

कारण तिच्या मेसमध्ये खाडा धरायची पद्धत होती. ज्या दिवशी पोरगा जेवला नाही तो दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे महिन्याच्या बिलातून वजा. आदल्या रात्री सांगायचं, एवढीच अट. तीसुद्धा तिनं कितीदा पाळली नाही. बार्शीटाकळीचा एक पोरगा आजोबा वारले म्हणून न सांगता पळाला आणि तेरवी करून परत आला, तर तिनं त्याचे सगळे खाडे धरले होते. ताटं मांडून ठेवली होती, भाज्या वाया गेल्या होत्या, तरी धरले. न खाल्लेल्या अन्नाचे पैसे घेणं म्हणजे तिला उष्टं खाण्यासारखं वाटायचं. तिचाही गॅस जळत होता. तिच्याकडेही भांडी घासायला बाई होती. कुणा पोराच्या बिलात तिनं भांडेवालीचा पगार लावला नाही. आणि ही टाय बांधणारी माणसं, काचेच्या ऑफिसात बसून, मेलेल्या माणसाच्या उभ्या गाडीचे पैसे ठेवून घेतात, याची तिला इतकी शिसारी आली की रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ही गोष्ट शेजारच्या सहदेवभाऊंना सांगितली. ते एसटीतून निवृत्त झालेले, पेपर दोनदा वाचणारे. ते एकदम खुलले. म्हणाले, वहिनी, हे तर काहीच नाही, माझं ऐका. मग त्यांनी रेल्वेच्या रद्द तिकिटाची गोष्ट सांगितली, मोबाईलवाल्याची सांगितली, साळ्याच्या मेडिक्लेमची सांगितली. त्यांची बायको आतून आली आणि तिनं कुठल्याशा सहलवाल्याची सांगितली. गाडी घेणारा प्राध्यापक कागदावर सही घ्यायला आला, त्यानंही एक सांगितली. लुटलं गेल्याची गोष्ट सांगताना माणसाच्या तोंडावर काय तेज येतं, हे माणिकबाई पाहत राहिली. सगळ्यांना कापलेलं माहीत होतं. कुणी कापलं, किती कापलं, का कापलं, हे विचारायला एकही जण त्या ऑफिसात गेला नव्हता. मेंढरं तरी कात्री लागल्यावर पाय झाडतात.

पुण्याहून मुलाचा, बंडूचा फोन आला. आई, सोड ना, थोडक्या पैशांसाठी बीपी वाढवून घेऊ नकोस, असं म्हणाला. थोडक्या पैशांचा प्रश्नच नव्हता. तिला फक्त त्या टेबलवाल्याचं तोंड पाहायचं होतं. पाहायचं आणि विचारायचं.

म्हणून सोमवारी सकाळी ती अकोल्याच्या बसमध्ये बसली. मुलीला, पायलला, कळवलं नाही. कळवलं असतं तर जावई स्टँडवर घ्यायला आला असता, सोबत ऑफिसात आला असता, आणि जावयाच्या साक्षीनं कुणाशी भांडता येत नाही. पिशवीत विम्याचा कागद होता, तोही इंग्रजीत. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. मूर्तिजापूरच्या बाहेर त्यांचं शेत होतं, सासऱ्यापासूनचं, काळं, भारी. आता बंडूच्या नावावर झालं होतं आणि बटाईनं दिलं होतं. बसच्या खिडकीतून ते दिसत नाही, पण त्या बाजूला तिनं सवयीनं पाहिलं. मग पुन्हा मनातल्या मनात भांडण जुळवत बसली.

ऑफिस टॉवर चौकाजवळ होतं, पहिल्या मजल्यावर. आत खरंच एसी होता. याचे पैसे कोण भरतं ते आता माहीत झालं होतं, म्हणून माणिकबाई मुद्दाम त्याच्या समोर बसली. काउंटरवर एक मुलगी होती, गळ्यातल्या पट्टीवर आकांक्षा लिहिलेलं. पायलपेक्षाही लहान. माणिकबाईला वाटलं होतं एखादा ढेरपोट्या साहेब असेल. हिच्यावर ओरडायचं कसं? तरी ती ओरडली. बसमध्ये जुळवलेलं सगळं वाया थोडंच घालवायचं होतं.

“पोरी, मले एकच सांग,” ती म्हणाली. “जे मी खाल्लं नाई, त्याचे पैसे तुमी कोनत्या तोंडानं ठेवून घेता?”

मागच्या खुर्च्यांवरची माणसं मान वर करून पाहू लागली. आकांक्षानं कागद मागितला, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, “काकू, आम्ही काही कापलं नाही. जितके दिवस विमा चालला तितक्या दिवसांचे घेतले. बाकीचे सगळे परत केले.”

“अर्धे केले.”

“अर्धे नाही, काकू. सगळे.”

माणिकबाईनं टेबलाचं विचारलं. मुलगी म्हणाली, टेबल पहिले होतं. महिना झाला की इतके कापायचे, सहा महिने झाले की इतके. आता आमच्याकडे तसं नाही, आता दिवस मोजून देतो. लोक अजून जुनंच धरून बसलेत. मग तिनं आवाज थोडा उतरवून सांगितलं की ज्या खात्यातून हप्ता भरला होता त्याच खात्यात पैसे परत गेले आहेत, आणि तसा मेसेजही गेला आहे.

हप्ता गजेंद्रनं भरला होता. स्वतःच्या मोबाईलवरून. दसऱ्याच्या दिवशी, जेवायच्या आधी, आई, मी भरून टाकतो, तुम्ही मला रोख द्या, असं म्हणून. पंजाबरावांनी त्याला तेव्हाच नोटा मोजून दिल्या होत्या. आणि विम्याच्या कागदावर मोबाईल नंबर होता तोही गजेंद्रचाच, मेसेज तुमच्या काय कामाचे म्हणून.

माणिकबाईनं काउंटरची कड धरली. तिला आधी काही वाटलंच नाही. मग किळस आली, ताटातल्या भाताखाली काही हललं की येते तशी. चार दिवस तिनं कंपनीला शिव्या घातल्या होत्या. चार दिवस सहदेवभाऊ, प्राध्यापक, अख्खी गल्ली कंपनीच्या नावानं बोटं मोडत होती. आणि चोर तिच्या खुर्चीवर बसून तिचेच पोहे खाऊन गेला होता, वरून लिंबू मागून घेऊन.

“काकू, तुम्हाला हे कुणी सांगितलं, अर्धे कापतात म्हणून?” आकांक्षानं विचारलं. “एजंटनं सांगितलं का? तक्रार करता येते.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. जावयाचं नाव घेतलं तर एजंटचं काम जाणार, पायलचा संसार अडचणीत येणार. नाव नाही घेतलं तर? माणिकबाईच्या तोंडून निघून गेलं, “नाई वं. शेजारच्यानं सांगतलं.” बिचारे सहदेवभाऊ. ती खोटं बोलली आणि त्याचीही तिला शिसारी आली. मग तो राग कुणावर तरी काढायचा म्हणून तिनं मुलीला विचारलं, की कागद इंग्रजीत, मेसेज दुसऱ्याच्या फोनवर, पैसे दुसऱ्याच्या खात्यात, तर तुम्ही गिऱ्हाईक म्हणता कुणाला? गाडी माझी होती. मला एक पोस्टकार्ड पाठवायला काय झालं होतं?  मुलगी म्हणाली, सिस्टम तशी आहे, काकू. दिवस मोजून पैसे देणारी कंपनी, पण ते ज्याचे त्याला पोचले का हे पाहणं तिच्या कामात बसत नव्हतं.

खाली उतरून ती रसवंतीच्या बाकावर बसली आणि रस न पिताच उठली. परतीची बस समोरून जात होती. गुपचूप बसून घरी जावं, झाकली मूठ राहू द्यावी, हेच सगळ्या शहाण्या बायकांनी केलं असतं. सासूनं जावयाला चोर म्हटलं की लेकीचं माहेर तुटतं. तिच्या मावशीचं असंच तुटलं होतं आणि मावशी मेली तेव्हा लेक दारात आली नव्हती. नवरा गेला होता, मुलगा पुण्याला. पायल दर आठवड्याला अकोल्याहून येत होती, डबा घेऊन, औषधं घेऊन. ती यायची बंद झाली तर? माणिकबाई ऑटोत बसली तेव्हाही तिनं काही ठरवलेलं नव्हतं. लेकीचा पत्ता मात्र तिनं सांगितला.

पायलनं दार उघडलं आणि आईला पाहून आधी घाबरली, मग आत ओढून घेतलं. जेवणाचीच वेळ होती. गजेंद्र बाहेरच्या खोलीत फोनवर होता. त्यानं हातानं नमस्कार केला आणि बोलत राहिला. स्वयंपाकघराचं दार तिथून चार पावलांवर. पायल पोळ्या लाटायला बसली, माणिकबाई तिच्याशेजारी पाटावर टेकली, आणि बाहेरचा शब्द न् शब्द आत येत होता.

“धर्मपालभाऊ, तुमी बाळापूरहून कायले येता? मी हाये ना,” गजेंद्र कुणाला तरी सांगत होता. “गाडी विकली, विमा रद्द केला, झालं. पन पैसे पुरे नाई भेटत. कंपनी कापते. आपल्या हातात काई नसते.”

 तेच शब्द, तोच गोड आवाज. बाळापूरचा तो कोण धर्मपाल, तोही आता घरी जाऊन बायकोला सांगेल, कंपन्या चोर आहेत. आणि बायको म्हणेल, हो ना.

पायलनं तिच्यापुढे ताट ठेवलं. वरण, पोळी, वांग्याचं भरीत. माणिकबाईनं ताट बाजूला सारलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. ऑफिसात गेल्याचं, पुऱ्या पैशांचं, गजेंद्रच्या खात्याचं. ती लेकीच्या तोंडाकडे पाहत होती. पायल रडेल, असं तिला वाटलं होतं. नाही तर चिडेल, नवऱ्याला हाक मारेल, किंवा आईलाच खोटं पाडेल. पायल पोळी लाटत राहिली. पोळी गोल झाली, तव्यावर पडली.

“मले माईत हाये,” पायल म्हणाली.

“काय माईत हाये?”

“पुरे आले थे. मीच म्हनलं त्यायले, आईले अर्धे द्या, अर्धे राहू द्या.”

माणिकबाईला क्षणभर ऐकलेलं खरं वाटेना. जावई चोर निघाला हे एक वेळ पचलं असतं, तो परक्या घरचा. ही तिच्या पोटची पोर. आजारपणात हिनं रात्री जागवल्या होत्या, हिच्या हातच्या औषधावर ती उठून बसली होती. “काहून?” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

“काहून म्हनतं तू मले?” पायलनं उलथण्यानं पोळी फिरवली. तिचा आवाज वर गेला नाही, तेच जास्त वाईट होतं. “बाबाची तेरवी झाली नाई तं तू मले मूर्तिजापूरले नेलं. तथी बंडू उभा होता, वकील उभा होता. मले म्हनलं, इथं सही कर, इथं अंगठा लाव. मी इचारलं, कायची सही? तू म्हनली, हक्कसोडाची. रीत हाये पोरी, भावाले सोडून द्या लागते, आपल्या हातात काई नसते. अन् साडी देल्ली. गुलाबी. मले गुलाबी आवडत नाई हे बी तुले माईत होतं.”

माणिकबाई म्हणणार होती, ते वेगळं. शब्द ओठांपर्यंत आला होता. हक्कसोड तर सगळेच करतात. बहिणीनं शेतातला वाटा सोडायचा, भावानं साडीचोळी करायची, तहसीलबाहेर सगळ्यांनी चहा प्यायचा. तिच्या आईनं तिच्याकडून अशीच सही घेतली होती, तिच्या नणंदांनी पंजाबरावांना दिली होती. कायद्यात पोरीचा वाटा आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि म्हणूनच तर सही लागते. त्या दिवशी पायल गप्प होती, आणि माणिकबाईनं ते शहाणपण समजून घरी सगळ्यांना सांगितलं होतं, माझी लेक कशी गुणाची.

“तुले वाटलं कंपनीनं अर्धे कापले, तं तू बसनं अकोल्याले आली,” पायल म्हणाली. “मायं तं पुरंच कापलं, आई. मी कोनत्या ऑफिसात जाऊ?”

तव्यावरची पोळी करपत होती. दोघींपैकी कुणी ती उतरवली नाही. माणिकबाईला आपल्याच तोंडाची किळस आली. आपल्या हातात काही नसतं, हे वाक्य ती दारापलीकडून ऐकून जावयावर थुंकणार होती, आणि ते तर तिनंच लेकीला ऐकवलं होतं, तहसीलच्या पायऱ्यांवर, डोक्यावरून हात फिरवत. मेसमधल्या परक्या पोरांच्या न खाल्लेल्या भाकरीचा हिशेब तिनं जन्मभर ठेवला. स्वतःच्या पोरीचा वाटा मात्र एका नावडत्या साडीत गुंडाळून दिला, आणि वर गुणाची म्हणाली. असली माणसं ती बघते तेव्हा काय म्हणते? ढोंगी म्हणते. तोंडावर म्हणते.

पण एक गोष्ट तिला तरीही खुपत होती.

“तू मायं कापलं थे मी समजली,” ती म्हणाली. “पन आत्ता थो बाहेर बाळापूरवाल्याले तेच सांगून राहिला. त्या मानसानं तुया कोनता वाटा खाल्ला?”

पायलचं लाटणं थांबलं. “कोनाले सांगून राहिले?”

“कोनी धर्मपाल हाये. त्यानंबी गाडी विकली.”

नवऱ्याचे फोन दिवसभर चालायचे, पायल तिकडे कान देत नसे, म्हणून तिनं हे ऐकलं नव्हतं. आता तिनं दाराकडे पाहिलं. आईकडून अर्धे ठेवून घ्यायला तिनंच नवऱ्याला सांगितलं होतं, आणि नवऱ्याला तो धंदा जमला होता. की आधीपासूनच जमत होता? हे तिनं कधी विचारलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तिचा चेहरा उतरला.

माणिकबाईनं पिशवीतून फोन काढला आणि बंडूला लावला. तो मीटिंगमध्ये होता, तसं त्यानं सांगितलंही. ती म्हणाली, दोन मिनिटं बाहेर ये. मग तिनं त्याला सरळ सांगितलं की मूर्तिजापूरच्या शेतात पायलचा वाटा आहे आणि तो तिच्या नावावर करून द्यायचा आहे.  बंडू हसला, आई थकली आहे असं समजून माणूस हसतो तसं. ताईनं स्वखुशीनं सही केली आहे, असं म्हणाला. तुला कुणी काही बोललं का, असं विचारलं. आणि मग समजुतीच्या सुरात सांगितलं, “आणि आई, ते आता रद्द करायचं म्हणजे साधं नसतं. पुन्हा कागद करा, स्टँप भरा, रजिस्ट्रीची फी भरा, वकील आहेच. बरेच पैसे कापले जातात त्यात.”

“किती?” माणिकबाईनं विचारलं.

“किती म्हणजे? अगं, कशाला...”

“इचारून राहिली तं सांग. किती कापतात?”

बंडूला माहीत नव्हतं. दिवाळीत आलो की बघू, असं तो म्हणाला. माणिकबाई म्हणाली, दिवाळीत नाही, येत्या रविवारी ये, जी काय फी लागेल ती मी माझ्या बांगड्या मोडून भरते. तो काही बोलायच्या आत तिनं फोन ठेवला.  मुलाशी ती या आवाजात आयुष्यात कधी बोलली नव्हती.

“थो नाई येनार,” पायल म्हणाली.

“नाई आला तं मी पुन्याले जाईन. अकोल्याले आली ना.”

पायलला हसू आलं नाही, पण तिनं करपलेली पोळी तव्यावरून उतरवली. माणिकबाई उठली.  लेकीचं लग्न झाल्यापासून ती जावयाशी दाराच्या आडून नाही तर चहाचा कप देता देता बोलत आली होती. आता ती बाहेरच्या खोलीत गेली आणि खुर्ची ओढून गजेंद्रच्या पुढ्यात बसली. त्यानं फोन खिशात टाकला आणि विचारलं, जेवण झालं का, आई?

“जवाईबुवा, माये पैसे राहू द्या,” ती म्हणाली. “थे पायलनं घेतले, अन् तिचे होते म्हनूनच घेतले. पन त्या धर्मपालले फोन लावा, अन् पुरे भेटतात थे सांगा.”

गजेंद्र आधी हसला. कोण धर्मपाल, असं म्हणाला. मग आईंना या धंद्यातलं कळत नाही, असं काहीतरी बोलू लागला. टेबल म्हणाला, कंपनी म्हणाला, एजंटलाही पोट असतं म्हणाला. आणि बोलता बोलता त्याची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तिथं पायल उभी होती, दोन्ही हात पिठाचे. नवरा अडचणीत आला की बायकोनं आईला आत न्यायचं असतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

“समजाव जरा तुया आईले,” तो तिला म्हणाला.

पायल दारातून हलली नाही.

“लावा त्यायले फोन,” ती म्हणाली. “अन् स्पीकरवर लावा.”